कॅन्सर तर काढला, मग पाच वर्षं ही गोळी कशाला?

मे महिन्याचा पहिला आठवडा. देवगड तालुक्यात या दिवसांत कोणाला बोलायला सवड नसते. पेट्या भरायच्या असतात, गाडी गाठायची असते. तरी दुपारी दोनच्या सुमारास एक काकी माझ्या औषधाच्या दुकानात आल्या. बोटांवर आंब्याच्या चिकाचे काळे डाग होते. बीपीच्या गोळ्या घेतल्या आणि पिशवीतून एक स्ट्रिप काढून काउंटरवर ठेवली. लेट्रोझोल, दहाची. चार खाचा रिकाम्या, सहा गोळ्या तशाच.

"परत घेतंस काय?" त्यांनी विचारलं. मी विचारलं, काय झालं?

"झिला, शिमग्यापासून बंद केलंय. आता माका काय एक होणा नाय. मगे ही गोळी कित्याक खाऊची?"

तीन वर्षांपूर्वी काकींचं मुंबईला स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. मग केमो, मग शेक, म्हणजे रेडिएशन. केस गेले, परत आले. गेल्या तपासणीत सगळं स्वच्छ. केमोचे सहा डोस त्यांनी एकही न चुकवता घेतले, कारण ती 'मोठी' ट्रीटमेंट होती. ही मात्र एवढीशी गोळी, घरच्या घरी घ्यायची, सलाईन नाही, नर्स नाही. तिला औषध म्हणावं असं त्यांना वाटतच नव्हतं. त्यांच्या मनात ती ताकदीच्या गोळ्यांच्या रांगेत जाऊन बसली होती.

असा प्रश्न मला वर्षातून आठ-दहा वेळा तरी विचारला जातो. विचारणारे निष्काळजी नसतात. ही गोळी आत जाऊन नेमकं काय करते हे त्यांना कोणी बसवून सांगितलेलं नसतं. म्हणून हा लेख.

रक्तातून जाणारा निरोप

हार्मोन, मराठीत संप्रेरक, म्हणजे शरीरातल्या एका ग्रंथीने रक्तातून सोडलेला निरोप. बायकांच्या बीजांडकोशातून इस्ट्रोजेन निघतं, पुरुषांच्या वृषणातून टेस्टोस्टेरॉन निघतं, आणि रक्ताबरोबर ते सगळ्या अंगभर फिरतं.

मग ते ठरावीक जागीच काम कसं करतं? आपल्या बंदरातलं उदाहरण घ्या. वादळाचा इशारा वायरलेसवरून जातो तेव्हा तो अख्ख्या समुद्रावर पसरतो. पण ज्या ट्रॉलरवर सेट आहे आणि तो त्याच चॅनलवर लावलेला आहे, तोच ट्रॉलर वळतो. सेट नसलेल्या होडीवरून तोच निरोप जातो आणि तिथे कोणाला पत्ताही नसतो. पेशींचं असंच आहे. काही पेशींमध्ये इस्ट्रोजेनचा निरोप पकडणारा सेट असतो, बाकीच्यांत नसतो. वैद्यकीय भाषेत त्याला रिसेप्टर किंवा ग्राही म्हणतात. मी यापुढे सेटच म्हणेन.

स्तनातल्या दूधनलिकांच्या पेशींना हे सेट असतात. मुलगी वयात येताना 'वाढा' असा निरोप येतो, त्या वाढतात, आणि काम झालं की थांबतात. कॅन्सरमध्ये पेशी थांबायचं विसरते. पण पुष्कळदा तिच्यातला सेट शाबूत राहतो, आणि इस्ट्रोजेनचा प्रत्येक निरोप तिला वाढायला बळ देतो. पुरुषांच्या मूत्राशयाखाली प्रोस्टेट नावाची ग्रंथी असते. तिच्या कॅन्सरचं टेस्टोस्टेरॉनशी असंच नातं आहे.

म्हणजे या गोळ्या-इंजेक्शनांची कामं दोनच: निरोप पाठवणं बंद पाडायचं, नाहीतर सेट निकामी करायचा.

इथे एक घोळ आधीच निस्तरतो. 'हार्मोन थेरपी' हा शब्द दोन उलट गोष्टींसाठी वापरतात. पाळी जाताना त्रास होतो म्हणून काही बायकांना इस्ट्रोजेन *देतात*, त्यालाही हार्मोन थेरपी म्हणतात. कॅन्सरमध्ये ते *तोडतात*. स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेल्या बाईने पहिल्या प्रकारची गोळी शेजारणीच्या सांगण्यावरून घेणं म्हणजे आगीत तेल ओतणं आहे.

रिपोर्टमध्ये ईआर शोधा

स्तनाच्या कॅन्सरचा तुकडा तपासायला जातो तेव्हा सेट आहेत की नाहीत हेही बघतात. तुकड्याची पातळ चकती रसायनाने रंगवतात, आणि सेट असलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली तपकिरी दिसतात. रिपोर्टात 'ईआर' म्हणजे इस्ट्रोजेनचा सेट आणि 'पीआर' म्हणजे प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या संप्रेरकाचा सेट. शंभरातल्या एका पेशीला जरी सेट दिसला तरी ईआर पॉझिटिव्ह धरण्याची पद्धत आहे. अर्थात ९० टक्के असेल तर गोळीचा भरवसा जास्त.

लोक 'पॉझिटिव्ह' वाचून घाबरतात. कोविडने हा शब्द फार बदनाम केला. इथे ईआर पॉझिटिव्ह ही बऱ्यापैकी चांगली बातमी आहे, कारण त्या कॅन्सरला अडवायला एक जास्तीचं हत्यार मिळतं. पाश्चात्य देशांत स्तनाच्या कॅन्सरपैकी साधारण चारातले तीन असे असतात. आपल्याकडे प्रमाण कमी, तरी निम्म्याहून जास्त. ईआर आणि पीआर दोन्ही निगेटिव्ह असतील तर या गोळ्यांचा काहीच उपयोग नाही. म्हणून एकीची गोळी दुसरीने बघून घेऊ नये.

ही कल्पना जुनी आहे

१८९५ साली ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन या सर्जनने पसरलेला स्तनाचा कॅन्सर असलेल्या बाईचे बीजांडकोश काढले, आणि स्तनावरच्या गाठी विरत गेल्या. तेव्हा 'हार्मोन' हा शब्दही तयार झाला नव्हता. बीटसनला सुगावा लागला तो गोठ्यातून. गाईचे बीजांडकोश काढले तर ती जास्त दिवस दूध देते, अशी काही देशांतल्या शेतकऱ्यांची रीत त्याला माहीत होती. बीजांडकोशाचा आणि स्तनाचा काहीतरी धागा आहे, एवढं त्याने त्यावरून ओळखलं.

पुरुषांच्या बाबतीत हे १९४१ साली शिकागोच्या चार्ल्स हगिन्सने दाखवलं. वृषण काढले की प्रोस्टेटचा पसरलेला कॅन्सर आक्रसतो. त्याला त्यासाठी १९६६ चं नोबेल मिळालं.

आणि टॅमॉक्सिफेन, म्हणजे स्तनाच्या कॅन्सरवरची अशीच दुसरी गोळी? हे रसायन इंग्लंडच्या आयसीआय कंपनीत १९६२ साली डोरा रिचर्डसन या रसायनतज्ज्ञ बाईंनी बनवलं. शोध चालू होता गर्भनिरोधक गोळीचा. माणसात तपासलं तर उलटंच झालं, बीज सुटायला मदत व्हायला लागली. कंपनीतल्या काही जणांनी चिकाटी सोडली नाही म्हणून ते कॅन्सरकडे वळलं, आणि १९७३ मध्ये ब्रिटनमध्ये त्याला परवानगी मिळाली. आज ते जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे.

टॅमॉक्सिफेन: सेटच्या भोकात नकली पिन

टॅमॉक्सिफेन इस्ट्रोजेन कमी करत नाही. ते जाऊन सेटच्या भोकात नकली पिनसारखं बसतं. निरोप फिरत राहतो, पण खरी पिन घुसायला जागाच उरत नाही. म्हणून पाळी चालू असलेल्या बाईलाही ते चालतं. पुरुषांनाही क्वचित स्तनाचा कॅन्सर होतो, स्तनाच्या शंभर कॅन्सरांत एखादा पुरुषाचा. त्यांच्यातही मुख्य औषध हेच.

ही नकली पिन सगळीकडे सारखी वागत नाही, हे लक्षात ठेवा. स्तनात ती सेट बंद ठेवते. हाडांत आणि गर्भाशयाच्या अस्तरात मात्र ती थोडीफार खऱ्या इस्ट्रोजेनसारखी वागते. त्यामुळे पाळी गेलेल्या बाईची हाडं टिकायला मदत होते, आणि त्याच कारणाने गर्भाशयाचं अस्तर जाड व्हायची शक्यता वाढते. त्याबद्दल पुढे.

लेट्रोझोल: कल्टारची चुलत बहीण

काकींना मी हे वायरलेसचं सांगितलं नाही. त्यांना कल्टारचं सांगितलं, कारण साठ-सत्तर कलमांना दर पावसाळ्यात कल्टार घालणारा माणूस त्यांच्याच घरात आहे.

बागायतदार नसलेल्यांसाठी: हापूसचं कलम एक वर्ष भरभरून धरतं आणि पुढच्या वर्षी नुसती पालवी फेकतं. त्यावर उपाय म्हणून जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत झाडाच्या विस्ताराच्या हिशेबाने कल्टार पाण्यात मिसळतात, बुंध्याभोवती गोलाकार लहान लहान भोकं पाडतात आणि ते द्रावण त्यांत ओततात. कल्टार म्हणजे पॅक्लोब्युट्राझोल. ते झाड मारत नाही, खत नाही, कीटकनाशकही नाही. झाडाच्या आत जिबरेलीन नावाचं वाढीचं संप्रेरक तयार होतं, ते तयार करणाऱ्या एका विकराला, म्हणजे एन्झाइमला, ते अडवतं. वाढीचा निरोप कमी झाला की कलम पालवी आवरतं आणि मोहराकडे वळतं.

आता लेट्रोझोल. पाळी गेल्यावर बीजांडकोश जवळजवळ बंद पडतात, पण इस्ट्रोजेन संपत नाही. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथींतून पुरुषी प्रकारची संप्रेरकं थोडी थोडी येतात, आणि चरबीत, स्नायूंत अरोमाटेज नावाचं विकर त्यांचं इस्ट्रोजेन करतं. लेट्रोझोल किंवा अ‍ॅनास्ट्रोझोल त्या विकराला अडवतं. रक्तातलं उरलंसुरलं इस्ट्रोजेन नव्वद टक्क्यांहून जास्त घटतं. निरोप पाठवणारं केंद्रच बंद.

हे उदाहरण मी नुसतं समजावण्यासाठी जुळवलेलं नाही. पॅक्लोब्युट्राझोल, लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल या तिन्ही नावांच्या शेवटी '-झोल' आहे ते एकाच कारणाने. तिघांतही ट्रायझोल नावाचं नायट्रोजनचं कडं आहे. झाडातलं ते विकर आणि आपल्या चरबीतलं अरोमाटेज एकाच मोठ्या विकर-घराण्यातली आहेत, आणि दोघांच्या गाभ्यात लोहाचा एक अणू असतो. ट्रायझोलचा नायट्रोजन जाऊन नेमका त्या लोहाला धरून बसतो. हात तोच, कुलपाची जागा तीच. आणि कल्टारही मुळात आयसीआयचंच, जिने टॅमॉक्सिफेन दिलं. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी गल्ल्यावर बसल्या बसल्या दोन्ही रेणूंची चित्रं कागदावर काढून बघितली होती.

यातून कोणी भलता अर्थ काढू नये. कल्टार हे माणसाचं औषध नाही, आणि कल्टार घातलेल्या झाडाचा आंबा खाल्ल्याने कॅन्सर बरा होतो किंवा कॅन्सर होतो असं मी म्हणत नाही. नातं फक्त काम करण्याच्या पद्धतीचं आहे.

काकींना मी एवढंच विचारलं, "एका वर्षी कल्टार घातलं नाही तर काय होतं?"

"मगे झाड परत पालवता," त्या म्हणाल्या, आणि स्ट्रिपकडे बघत राहिल्या.

तपासणी स्वच्छ आहे, तरी पाच वर्षं?

गाठ काढली, केमोने बाकीच्यांवर हल्ला केला, तरी काही पेशी त्याआधीच निसटून हाडाच्या मगजात किंवा इतरत्र जाऊन बसलेल्या असू शकतात. इतक्या थोड्या, की कुठल्याही स्कॅनमध्ये दिसत नाहीत. त्या वाढतही नाहीत, झोपून असतात. केमो भराभर वाढणाऱ्या पेशींना जास्त मारते, झोपलेल्या सुटतात. स्कॅन स्वच्छ याचा अर्थ दिसण्याएवढं काही नाही, इतकाच.

ईआर पॉझिटिव्ह कॅन्सरची खोड अशी की तो घाई करत नाही. निगेटिव्ह प्रकार परतायचा असेल तर बहुधा पहिल्या तीन-चार वर्षांत परततो. पॉझिटिव्ह प्रकार दहाव्या, पंधराव्या, अगदी विसाव्या वर्षीही डोकं वर काढतो. तोपर्यंत निरोप बंद ठेवला तर त्या पेशी झोपेतच राहतात किंवा मरतात.

याला भक्कम आधार आहे. जगभरच्या चाचण्यांमधल्या हजारो बायकांची माहिती एकत्र करून पाहिली तेव्हा पाच वर्षं टॅमॉक्सिफेन घेतलेल्यांत पुढच्या पंधरा वर्षांत कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी दिसले. पाच वर्षांनी गोळी थांबवल्यावरही फायदा चालू राहिला. पाळी गेलेल्या बायकांत लेट्रोझोलच्या गटातल्या गोळ्या टॅमॉक्सिफेनपेक्षा आणखी थोड्या सरस ठरल्या. गाठ मोठी असेल किंवा काखेतल्या गाठींत रोग गेलेला असेल तर डॉक्टर सात किंवा दहा वर्षंही सांगतात, कारण दहा वर्षं टॅमॉक्सिफेन पाचपेक्षा चांगलं, असं २०१२ मध्ये आलेल्या एका मोठ्या चाचणीत दिसलं.

"पण ही तर मूल होण्याची गोळी!"

एका ताईंच्या मुलाने मोबाइलवर लेट्रोझोल शोधलं आणि घाबरून दुकानात आला. आईचं वय बासष्ट आणि इंटरनेट सांगतं ही वंध्यत्वाची गोळी.

दोन्ही खरं आहे. तरुण बाईत लेट्रोझोलने इस्ट्रोजेन घटलं की मेंदूला वाटतं बीजांडकोश झोपलेत, आणि तो त्यांना जोराने हाकारतो. मग बीज तयार होतं. म्हणून त्यासाठी ती महिन्यात पाचेक दिवस देतात. पाळी गेलेल्या बाईचे बीजांडकोश कितीही हाका मारल्या तरी उठत नाहीत, त्यामुळे इस्ट्रोजेन खालीच राहतं.

यावरूनच एक धोका कळतो. पाळी चालू असलेल्या बाईला नुसतं लेट्रोझोल उपयोगाचं नाही. आधी बीजांडकोश इंजेक्शनने किंवा ऑपरेशनने शांत करावे लागतात. केमोमुळे पाळी थांबली म्हणजे कायमची गेली असं धरून चालू नका. चाळिशीतल्या बाईची ती वर्षभराने परत येऊ शकते. आली तर लगेच डॉक्टरांना सांगा. टॅमॉक्सिफेनवर असताना दिवस राहणं बाळाला धोक्याचं, म्हणून काळजी घ्यायची, तीही हार्मोन नसलेल्या साधनाने.

सांधे धरतात, अंगातून वाफा येतात

हो, येतात. इस्ट्रोजेन तोडलं की पाळी जातानाचा त्रास एकदम आणि जोरात येतो. कोकणातल्या मे महिन्यात अंगातून वाफा येणं म्हणजे काय, ते ज्या सोसतात त्यांनाच कळतं. लेट्रोझोलने सकाळी उठताना बोटं, गुडघे आखडतात. विळीवर बसणं जड जातं. काकींनी गोळी बंद करण्याचं खरं कारणही हेच निघालं. 'काय एक होणा नाय' हे वरचं. आतलं असं, की शिमग्याला भाकऱ्या थापताना मनगट दुखायचं आणि सगळ्यांपुढे सांगायची लाज वाटायची.

हे सांगायचं असतं, कारण यावर उपाय आहेत. रोज अर्धा-पाऊण तास चालणं आणि हलके व्यायाम यांनी सांधे खरंच सैल होतात, ते तपासलेलं आहे. एक गोळी सोसत नसेल तर डॉक्टर त्याच गटातली दुसरी देतात, किंवा टॅमॉक्सिफेनवर आणतात. योनीच्या कोरडेपणासाठी हार्मोन नसलेली जेल मिळतात. बाई ते माझ्यासारख्या पुरुषाकडे मागायला संकोचते, तर चिठ्ठीवर लिहून द्यावं. माझ्या दुकानात तसंच चालतं. लेट्रोझोलने हाडं विरळ होतात, म्हणून सुरुवातीला आणि मग दर एक-दोन वर्षांनी हाडांची घनता तपासायची, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व घ्यायचं, आणि गरज लागली तर डॉक्टर हाडांसाठी इंजेक्शन देतात.

"गोळीनेच दुसरा कॅन्सर होतो म्हणे"

हे टॅमॉक्सिफेनबद्दल बोललं जातं आणि ते अगदीच निराधार नाही. गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका वाढतो, मुख्यतः पाळी गेलेल्या बायकांत. पण किती? हजार बायकांमागे वर्षाला साधारण एक-दोन जास्त. आणि तो बहुधा रक्त जाऊन लवकर लक्षात येतो. म्हणून पाळी गेल्यावर एक डाग जरी दिसला तरी त्याच आठवड्यात दाखवायचं. दुसरा धोका पायाच्या शिरेत रक्त गोठण्याचा. एकच पोटरी सुजली, दुखली किंवा अचानक धाप लागली तर वाट बघायची नाही. मुंबईच्या गाडीत आठ-नऊ तास बसून जाताना मधे उठून चालायचं, पाणी प्यायचं. तोललं तर फायद्याचं पारडं बहुतेकींसाठी खूपच जड आहे, आणि जिला आधी रक्ताची गुठळी झालेली आहे तिला डॉक्टर दुसरी गोळी निवडतात.

दुसऱ्या औषधांबाबत दोनच गोष्टी सांगतो. टॅमॉक्सिफेन यकृतात बदलल्यावर खरं जोरकस होतं, आणि नैराश्यावरच्या पॅरोक्सेटीन आणि फ्लुओक्सेटीन या गोळ्या तो बदल अडवतात. तेव्हा मनाच्या डॉक्टरांना ही गोळी चालू असल्याचं सांगा, त्यांच्याकडे दुसरे पर्याय असतात. आणि आमटीतली हळद हवी तेवढी खा, पण हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल टॅमॉक्सिफेनचं रक्तातलं प्रमाण कमी करू शकतात. काढा, चूर्ण जे काही चालू असेल ते लपवू नका.

आता पुरुषांबद्दल

बायका निदान विचारतात. पुरुष गप्प असतात. माझ्याकडे दर तीन महिन्यांनी एक काका इंजेक्शन न्यायला येतात. आयुष्य खलाशी म्हणून गेलं. पहिल्यांदा चिठ्ठी देताना त्यांनी ती घडी करून, उपडी ठेवली होती.

प्रोस्टेटचा कॅन्सर पसरला असेल तर टेस्टोस्टेरॉन तोडणं हाच उपचाराचा पाया. एक मार्ग वृषण काढण्याचा. छोटं ऑपरेशन, एकदाच खर्च, परिणाम लगेच. दुसरा मार्ग ल्युप्रोलाइडसारख्या इंजेक्शनचा, महिन्याला किंवा तीन महिन्यांनी. दोन्हींचा परिणाम जवळपास सारखाच. ऑपरेशनला माणसं बिचकतात आणि ते समजण्यासारखं आहे. पण दर खेपेला हजारो रुपये आणि कोल्हापूरचा किंवा गोव्याचा हेलपाटा परवडत नसेल तर त्या पर्यायावर घरात उघड बोलावं. इच्छा मंदावणं, वाफा येणं, पोट सुटणं, हाडं आणि साखर यांवर परिणाम दोन्हींत होतो.

इंजेक्शनचं काम मोठं नवलाचं आहे. ते मेंदूच्याच एका निरोपाची नक्कल असतं, जो मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीमार्फत वृषणांना 'काम करा' म्हणून सांगतो. मग त्याने टेस्टोस्टेरॉन वाढायला हवं ना? पहिला आठवडा-दोन आठवडे वाढतंच. पण खरा निरोप थांबून थांबून येतो आणि इंजेक्शनचा अखंड चालू राहतो. जेट्टीवरचा भोंगा दिवसभर वाजत राहिला तर चौथ्या दिवशी कोणी मान वर करत नाही, तशी ती पिट्युटरी ग्रंथी बहिरी होते आणि सगळं कामकाज थांबतं. मेंदूतल्या या निरोपांच्या शोधासाठी गिलेमिन आणि शॅली यांना १९७७ चं नोबेल मिळालं.

ते पहिले दोन आठवडे जपायचे. त्या काळात दुखणं उफाळू नये म्हणून बायकाल्युटामाइडची गोळी आधीपासून देतात. ती 'फक्त गोळी' म्हणून टाळू नका. पायांत एकाएकी जोर राहिला नाही किंवा लघवी अडकली तर रात्री-अपरात्रीही हॉस्पिटल गाठायचं. आणि यातल्या काही कंपन्यांची इंजेक्शनं फ्रीजमध्ये ठेवावी लागतात. ती मासळीसारखी बर्फात पुरायची नसतात, गोठली की गेली. बर्फाची पिशवी, मधे कापड, मग खोका.

इंजेक्शन असूनही रोग सरकला तर पुढची औषधं आहेत. मूत्रपिंडावरच्या त्या ग्रंथी आणि कॅन्सर स्वतः थोडं टेस्टोस्टेरॉन बनवत राहतात, ते अ‍ॅबिराटेरॉन बंद पाडतं. हे उपाशीपोटी घ्यायचं: खाल्ल्यावर दोन तासांनी किंवा खाण्याआधी एक तास. जेवणाबरोबर घेतलं तर अंगात कितीतरी पटींनी जास्त शोषलं जातं. सोबत दिली जाणारी प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टिरॉइडची गोळी, मात्र खाऊन घ्यायची. एन्झाल्युटामाइड सेट अडवतं, त्याला खाण्याचं बंधन नाही.

औषध लागू पडेनासं झालं तर

पेशी शिकतात. सेटची ठेवण अशी बदलतात की निरोप नसतानाही तो चालूच राहतो. मग सेटच मोडून टाकणारं फुलव्हेस्ट्रंट देतात, किंवा निरोप पोचल्यावर पेशीच्या आत वाढीचं जे चाक फिरतं त्यालाच खीळ घालणाऱ्या पाल्बोसिक्लिबसारख्या गोळ्या. पाल्बोसिक्लिबचं पेटंट आपल्याकडे जानेवारी २०२३ मध्ये संपलं आणि अनेक भारतीय कंपन्यांनी ती काढली. किंमत बरीच उतरली. ज्यांना आधी परवडत नाही म्हणून सोडावी लागली त्यांनी पुन्हा विचारून बघावं.

खर्च आणि पल्ला

टॅमॉक्सिफेन, लेट्रोझोल ही आता महाग औषधं राहिलेली नाहीत. जनऔषधी केंद्रात आणखी स्वस्त मिळतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून कॅन्सरचे उपचार होतात, कार्ड जवळ ठेवा. आपल्याकडून लोक परळच्या टाटा हॉस्पिटलला जातात, गोव्यात बांबोळीला जातात, चिपळूणजवळ डेरवणला जातात. उपचाराला जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला रेल्वेच्या भाड्यात मोठी सवलत असते, हॉस्पिटलमधून त्याचा फॉर्म भरून घ्या. एखादा दिवस गोळी चुकली तर आभाळ कोसळत नाही, दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. खंड मोठा पडला असेल तर परत सुरू करता येते का, हे डॉक्टरांना फोन करून विचारा.

काकींचा फोन मी दुकानातूनच लावून दिला. डॉक्टर रागावले नाहीत. मनगटाचं विचारलं, हाडांची तपासणी करून यायला सांगितलं आणि गोळी त्याच रात्रीपासून सुरू केली. त्या सहा गोळ्या काकी परत घेऊन गेल्या.

मृग लागायच्या दोन दिवस आधी त्या आल्या. रिकामी स्ट्रिप दाखवली. मनगटाला पट्टा होता. किती राहिलं, त्यांनी विचारलं. मी रजिस्टर बघून सांगितलं, अडीच वर्षं.

"मगे दोन म्हयन्याचा औषद बांदून दी. पावसात येष्टीचा काय खरा नाय."